वाणात गेलेला कॉम्प्युटर

नाही, पण मला एक सांगा... गुलाबी, झाकणाची, लाल-सोनेरी दोऱ्याने बांधलेली डबी दिसली, की ती वाणाचीच असते का हो? असा कायदा आहे का कुठे? काय म्हणालात? वाणाचीच असते? बघा! म्हणजे तुम्हीही त्यांच्यातलेच! घरात हेच मत पडलं, सोसायटीत हेच मत पडलं, आता तुम्ही तेवढे राहिला होतात. मान्य, चूक माझी, शंभर टक्के माझी! पण निदान त्या डब्यांत काय होतं, ते तरी ऐकून घ्याल?

त्या डब्यांत माझा कॉम्प्युटर होता.

हसू नका हो! तेव्हा रडलो नव्हतो, आता तुम्ही हसलात तर बांध फुटेल. तर मी श्यामसुंदर, मुक्काम सीवूड्स, रबाळ्याच्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनेल जोडता जोडता केस पिकवलेला माणूस. मग स्वेच्छानिवृत्ती घेतली. स्वेच्छा म्हणजे माझी, हां! आमच्या मीनाची इच्छा कुणी विचारलीच नव्हती. ती म्हणाली, "अहो, आता घरी बसून काय करणार?" म्हटलं, कॉम्प्युटर बनवणार. म्हणाली, "बाजारात मिळतात की!" आता यावर काय बोलणार? पुरणपोळी पण बाजारात मिळते, मग पहाटेपासून तो पुरणयंत्राचा खडखडाट कशाला... पण हे मी बोललो नाही. माणसाला संसार टिकवायचा असतो.

आणि हा बाजारातला कॉम्प्युटर नव्हेच मुळी! हा हातात मावतो. आणि सगळा सुटा, मिसळणाच्या डब्यासारखा. स्क्रीन वेगळी, कीबोर्ड वेगळा, बॅटरी वेगळी, स्पीकर वेगळा, आणि मधे मेंदू. कीबोर्ड नको? काढा. त्या जागी स्पीकर हवा? लावा. कुठलाही भाग काढा, बाकीचं आपलं चालू. काढा, लावा, काही बिघडत नाही! हे माझं वाक्य. स्वतःचं. आरशासमोर उभं राहून घोटलेलं.

कुणासाठी म्हणाल, तर खटपट्या लोकांसाठी. असतात हो असे लोक, मिक्सर बंद पडला की ज्यांना आतून उकळ्या फुटतात, चला, आता उघडायला मिळणार! अशांसाठी. आणि सगळा मामला ओपन. म्हणजे काय, तर आतले नकाशे, बोर्ड, प्रोग्रॅम, सगळं मी इंटरनेटवर मोकळं टाकलं. बघा, उतरवून घ्या, बनवा, बदला, माझी काही हरकत नाही. आमची एक आत्या होती, कुणालाही चकलीची रेसिपी सांगताना एक जिन्नस हमखास गाळायची. मी म्हटलं, आपण असं करायचं नाही. सगळे जिन्नस सांगायचे! तर सांगितले. आणि बसलो वाट बघत. आज कुणीतरी बनवेल, उद्या कुणीतरी बनवेल... कुणीही बनवला नाही. एकाने कॉमेंट टाकली होती, मी धावत चष्मा घेऊन आलो, तर लिहिलं होतं, "नाइस." बस्स. नाइस! मी त्याला उलट तीन परिच्छेद लिहिले, त्यानंतर तो गायबच झाला.

इकडे बेडरूमचा झाला कारखाना. पलंगावर बोर्ड, कपाटात वायरी, ड्रेसिंग टेबलवर सोल्डरिंग गन. एकदा मीनाच्या पैठणीच्या घडीतून स्क्रू पडला. एकच. पण पैठणीच्या घडीतून! त्या दिवशी तिने कमरेला पदर खोचला आणि म्हणाली, "हे बघा, येत्या रविवारी वाशीला तुमचा तो मेळा आहे ना, तुमच्यासारख्या लोकांचा? तिथे तुमचं ते काढा-लावा बघून एका तरी माणसाने, एका तरी, मनापासून म्हटलं ना, की 'मला पण बनवायचंय', तर हा पसारा राहील. नाहीतर सोमवारी भंगारवाला, आणि तुम्ही नंदूच्या दुकानात." नंदू म्हणजे तिचा भाऊ नंदकुमार, इन्व्हर्टर विकतो, आणि त्याला गल्ल्यावर बसायला एक शांत माणूस हवा होता. शांत! अहो, मी शांत नाहीये, मला कुणी ऐकत नाही म्हणून तसा वाटतो!

अट रास्त होती, तेच तर दुखणं. "मला पण बनवायचंय." एवढ्या तीन शब्दांसाठी तर मी हा सगळा खटाटोप मांडला होता, आणि ते कुणी म्हणेल याची मला स्वतःलाच खात्री नव्हती.

पण तयारी केली जोरात! सगळे भाग तपासले, घासूनपुसून लख्ख केले. बाकीच्या भागांचे दोन-दोन, तीन-तीन नग होते, धडधाकट चालणारा मेंदू मात्र एकच. आता हे न्यायचं कशात? गेलो वाशीच्या एपीएमसी मार्केटात, तिथे एक होलसेलवाला आहे डब्यांचा. म्हणाला, "साहेब, सीझन चालू आहे, गुलाबीच उरल्यात." कसला सीझन, असा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला! एकेका डबीत एकेक भाग ठेवला. झाकणं सैल, रबरबँड लावले तर तटातट तुटायला लागले, तेवढ्यात आईच्या ट्रंकेत लाल-सोनेरी दोरा मिळाला, कुठल्याशा लग्नातला. दिल्या बांधून. आणि पलंगावर रचून ठेवल्या, एकावर एक, सुबक. माझ्याच या हातांनी, बरं का!

आणि तो दिवस कुठला? तर शुक्रवार. संक्रांत नुकतीच झालेली. आमच्या घरी हळदीकुंकू.

आता हळदीकुंकवाला घरातल्या पुरुषाची जागा कुठे असते, ते मी तुम्हाला सांगायला नको. खाली पार्किंगमध्ये! तिथे सोसायटीचे सेक्रेटरी कृष्णात पाटील, मूळचे कराडकडचे, तेही घरातून हाकललेलेच, स्कूटरवर बसले होते. मी त्यांना गाठलं. म्हटलं, कृष्णातराव, कॉम्प्युटर कसा हवा? काढा, लावा, काही बिघडत नाही! ते म्हणाले, "व्हय व्हय." मी सांगतोय, ते व्हय व्हय करतायत, आणि समोरून लिफ्टमधून बायका बाहेर पडतायत, जरीच्या साड्या, गजरे, आणि प्रत्येकीच्या हातात एक गुलाबी डबी. दोन गेल्या, चार गेल्या... आणि मी, तुम्हाला सांगतो, मी हा मूर्ख माणूस कृष्णातरावांना म्हणतो, "छान डब्या आहेत नाही? एपीएमसीच्याच दिसतायत!"

सी विंगच्या सईताई तर थांबून म्हणाल्या, "भावोजी, यंदा वाण अगदी वजनदार हं!" आणि मी मान डोलावली. मान डोलावली हो मी!

वर गेलो, तर पलंग मोकळा. स्वच्छ. मी आयुष्यात इतका स्वच्छ पलंग पाहिला नव्हता. मीनाने वाणासाठी आणलेल्या स्टीलच्या वाट्या माळ्यावर जशाच्या तशा. आणि आई सोफ्यावर पाय चोळत बसलेली, चेहऱ्यावर हे एवढं समाधान. "श्याम, मीना कुंकू लावत होती, तिळगूळ देत होती, तिला कुठे उसंत! मग वाण मीच दिलं. डबीत काहीतरी खुळखुळत होतं, म्हटलं यंदा सुनेने हात सैल सोडला."

मी मीनाकडे बघितलं. मीनाने माझ्याकडे बघितलं. मग आम्ही दोघांनी आईकडे बघितलं, तर आई म्हणते, "पुरलं हो सगळ्यांना. काळजी करू नकोस!"

म्हटलं, मी जातो आणि मागून आणतो. तर आई अशी उठली, जशी गुडघेदुखी कधी नव्हतीच! "दिलेलं वाण परत मागणार? बायकांच्या पदरात घातलेलं? श्याम, तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला!" मीनाकडे वळलो, म्हटलं, ही तरी माझ्या बाजूने... ती म्हणाली, "वाण परत मागत नाहीत हो. तुमचं तुम्हीच म्हणता ना, सगळं मोकळं, कुणीही घ्या? घेतलं." आणि तोंडाला पदर लावून आत गेली. खांदे हलत होते तिचे. रडत नव्हती.

म्हटलं ठीक आहे, मागायचं नाही, नुसतं बघून तर येऊ. पहिलं घर तळमजल्यावर शेवंताबाईंचं. शेवंताबाई मूळच्या करावे गावच्या. आमची बिल्डिंग उभी आहे ना, ती गावाच्या जमिनीच्या बदल्यात सिडकोने त्यांना दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर, त्यामुळे सोसायटीत त्यांना कुणी उलट बोलत नाही. बाजारात मासळीची गादी अजून चालवतात, बसून राहायला आवडत नाही म्हणून. त्यांना बॅटरी गेलेली, आणि त्यांची सून सोनल, तिला स्पीकर. दारातच मला म्हणाल्या, "यवा भावोजी! तुमचं वान लय भारी हाय! सोनलनी तिचा नि माजा एकाला एक लावला, त वाजाला लागला!" आणि खरंच हो, टुंग-टुंग, टुंग-टुंग! चुकीचं जोडायला जागाच ठेवली नव्हती मी, दोन्ही भाग बरोबर बसले होते. क्षणभर माझी छाती फुगली. मग लक्षात आलं, की टुंग-टुंग म्हणजे 'बाकीचे भाग सापडत नाहीत' अशी ती धोक्याची सूचना आहे. अहो, तो बिचारा हाका मारत होता भावंडांना!

पुढे बी विंगमध्ये श्रुतीकडे. श्रुती शाळेत शिकवते. तिला स्क्रीन. तिने ती बाथरूमच्या दाराशी टांगलेली, कारण बंद स्क्रीन म्हणजे फर्स्टक्लास आरसा. "भावोजी, चेहरा किती मऊ दिसतो यात!" प्रधानकाकूंना कीबोर्ड. त्या तळहाताखाली घेऊन एकेक बटण दाबत बसलेल्या. "श्यामसुंदर, हे ॲक्युप्रेशरचं फार गुणकारी आहे हो, खांदा मोकळा झाला!" आता गुण आलेल्या म्हातारीच्या हातून काढून घेऊ? तुम्ही घेतला असता?

आणि मेंदू? तो एकुलता एक मेंदू? तो सईताईंच्या देवघरात! त्याला वरून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आहेत, गरम होऊ नये म्हणून, कडेला भोकं आहेत, हवा खेळावी म्हणून. त्या भोकांत सईताईंनी उदबत्त्या खोचल्या होत्या. तीन. पेटत्या! माझा मेंदू गणपतीसमोर धूर सोडत होता, आणि सईताई म्हणतात, "राख बघा कशी पट्ट्यांतच पडते, देव्हारा अजिबात घाण होत नाही. कुणी डिझाइन केलंय हो?" मी म्हटलं... काय म्हणणार? म्हटलं, कल्पना नाही. आणि देवाला हात जोडून परत आलो.

घरी येऊन भिंतीला टेकून बसलो. म्हटलं, मीना, संपलं. रविवारी रिकामं टेबल घेऊन बसण्यापेक्षा नंदूला फोन कर, मी सोमवारी येतो म्हणून. आणि तुम्हाला सांगतो, तेव्हा ती हसली नाही. माझ्याशेजारी जमिनीवर बसली. म्हणाली, "अहो, वाण परत मागता येत नाही. पण बायकांना बोलावता येतं की! रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू कुठेही करतात." आणि घेतला फोन, आणि सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर टाकलं, रविवारी वाशीला हळदीकुंकू आहे, सर्वांनी अगत्याने यावे, येताना आमचे वाण सोबत आणावे. म्हटलं, अगं, हे काय! ती म्हणाली, "का? काढा, लावा, काही बिघडत नाही ना?"

रविवारी शेवंताबाईंच्या मुलाने, कमळाकरने, त्याची टेम्पो ट्रॅव्हलर काढली. मेळा वाशीच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये. आजूबाजूला काय एकेक टेबल! कुणाचं ड्रोन, कुणाचा रोबो, सगळी पोरं काळ्या टी-शर्टांत, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आणि माझ्या टेबलाभोवती काठापदराच्या साड्या, अत्तर, गजरे, गुलाबपाणी! शेजारचा ड्रोनवाला शिंकून शिंकून बेजार. आई खुर्चीवर, हातात कुंकवाचा करंडा, येणाऱ्या प्रत्येकाला तिळगूळ. संयोजक धनेश येऊन माझ्या कानात म्हणतो, "सर, तुमची फूड स्टॉलची कॅटेगरी होती का?"

मग जोडणी. शेवंताबाईंनी बॅटरी ठेवली, सोनलने स्पीकर, श्रुतीने स्क्रीन, आधी केस नीट करून घेतले त्यात आणि मग ठेवली, प्रधानकाकूंनी कीबोर्ड, "परत देणार ना?" असं दोनदा विचारून. शेवटी सईताईंनी रुमालातून मेंदू काढला. मी बसवला. बटण दाबलं.

काही नाही. अंधार.

पुन्हा दाबलं. टुंग-टुंग. घाम फुटला मला. लोक बघतायत, मीना बघतेय, कुठेतरी नंदू इन्व्हर्टर पुसत बसलाय... आणि सईताई पुढे होऊन म्हणाल्या, "थांबा भावोजी, राख असेल." मेंदू काढला, फूं केलं, पदराने पुसला, लावला. आणि स्क्रीन उजळली! अहो, काय टाळ्या वाजवल्या बायकांनी! ड्रोनवालाही शिंकता शिंकता वाजवायला लागला. मी मोठ्याने ओरडलो, काढा, लावा... आणि सगळ्या जणी एका सुरात, "काही बिघडत नाही!"

गर्दी जमली. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघतोय, आता म्हणेल, आता म्हणेल. एक म्हणाला, "हे मोबाइलमध्ये होतंच की." दुसरा म्हणाला, "ऑनलाइन मिळेल का?" तिसरा म्हणाला, "गेम चालतात?" एक जण खूप वेळ वाकून बघत होता, माझा जीव भांड्यात पडायच्या बेतात, तेवढ्यात तो म्हणाला, "काका, तिळगूळ अजून आहे का?" दुपार उलटली. लोक पांगले, पोरं टेबलं आवरायला लागली. मी मीनाकडे बघायचंच टाळलं. एक माणूस हो! एवढ्या मोठ्या नवी मुंबईत एक माणूस मिळू नये?

मी बॅटरी काढायला हात घातला, तर शेवंताबाईंनी मनगट धरलं. "भावोजी, थांब जरा. माज्याकडं नुसती बॅटरी हाय. हिच्याकडं नुसता भोंगा. यो सगला जोडल्याव केवडा कामाचा झाला! मना भरती-ओहोटी बगाला आसा अख्खा एक पायजे. तू आयता देव नको. मना पन बनवाचाय."

मना पन बनवाचाय! ऐकलंत? मी मीनाकडे बघितलं. म्हटलं, आता ही म्हणणार, सोसायटीतल्या बायका धरायच्या नाहीत. तेवढ्यात सोनल म्हणाली, "मला पण." श्रुती म्हणाली, "मला पण." प्रधानकाकू म्हणाल्या, "मला खांद्यासाठी मोठा." आणि सगळ्यात शेवटी मीना, स्क्रीनकडे बघत, हळूच म्हणाली, "मला पण." माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो, लाज कसली! बायकोने भंगारवाल्याला द्यायचा पसारा स्वतःसाठी मागितला. इतकं सुख मला निवृत्तीच्या चेकनेही झालं नव्हतं!

इथे थांबायला हवं होतं मी. लोक शहाणे असतात, ते असल्या ठिकाणी थांबतात.

आता दर शनिवारी बेडरूममध्ये बायकांचा वर्ग असतो. सुरुवातीला मी शिकवत होतो. मग मी प्रश्नांची उत्तरं देत होतो. मग मी वस्तू हातात देत होतो. माझं डिझाइन बदललं, ओपनच आहे ना! मेंदूला आता उदबत्तीची खास जागा आहे. स्क्रीन बंद असली की आरसा व्हावी म्हणून श्रुतीने वेगळी काच लावली. शेवंताबाईंचा नग पाण्यात पडला तरी चालतो, खवले लागले तर धुताही येतो. इंटरनेटवर मीनाने हे सगळं टाकलं, तर कॉमेंट्सचा पाऊस! तो 'नाइस'वालासुद्धा परत आला. मला नव्हे हो, तिला लिहिलंय त्याने. चार परिच्छेद!

परवा मी सहज आत डोकावलो. म्हटलं, काही मदत? शेवंताबाई सोल्डरिंग करता करता मान वर न करता म्हणाल्या, "भावोजी, उजेडात येव नको." मीना म्हणाली, "अहो, जरा कॉफी टाका ना सगळ्यांना." आणि आईने आतून हलकेच दार लावून घेतलं.

तर हल्ली मी नंदूच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. कुणी पाठवलं नाही हो, माझा मीच गेलो. काल न राहवून मीनाला फोन केला. म्हटलं, मी नाही तर तिकडे काही अडत नाही ना? ती म्हणाली, "अहो, तुमचंच वाक्य ना? एक भाग काढला... काही बिघडत नाही!"